इम्प्लांटवर कॅप बसवताना आपल्याकडून होणाऱ्या चुका आणि त्या कशा टाळायच्या

तासगावकडचे एक काका, वय साधारण साठीच्या आसपास, खाली डावीकडच्या पहिल्या दाढेचं इम्प्लांट (हाडात बसवायचं टायटॅनियमचं कृत्रिम मूळ) आणि त्यावरची कॅप मीच बसवलेली. पहिल्याच वर्षात तीनदा आले, "डॉक्टर, दाढ हलतीय बगा." पहिल्या दोन्ही वेळी मी स्क्रूच्या छिद्रावरचं कंपोझिट (दातात भरायचं मटेरियल) काढलं, स्क्रू घट्ट केला, परत बंद केलं आणि काकांना घरी पाठवलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा लक्षात आलं की अरे, हा स्क्रू ढिला का होतोय हे आपण एकदाही बघितलेलं नाही. मग नीट सरळ अँगलने एक्स-रे काढला तर मागच्या बाजूला इम्प्लांट आणि ॲबटमेंट (त्याच्यावर स्क्रूने बसणारा, कॅपला धरणारा तुकडा) यांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ दिसली. तिथं हाड इम्प्लांटच्या काठावर चढलेलं होतं आणि ॲबटमेंट त्या हाडावर टेकून बसत होतं, इम्प्लांटवर बसतच नव्हतं. म्हणजे वर्षभर त्या काकांची अख्खी भाकरी तो एक बारका स्क्रू पेलत होता.

भूल देऊन बोन प्रोफायलरने (इम्प्लांटच्या काठावरचं हाड कातरायचं हत्यार) ते हाड काढलं, कॅप आता खाली नीट बसली म्हणून बाजूचा कॉन्टॅक्ट, म्हणजे शेजारच्या दाताला टेकायची जागा, घट्ट लागायला लागला तो थोडा कमी केला, स्क्रू नवीन टाकला. त्याला आता चार वर्षं झाली, एकदाही हलली नाही. हे लिहितोय ते खास करून नुकतंच स्वतःचं क्लिनिक टाकलेल्या मुलामुलींसाठी, कारण इम्प्लांट घालायचे कोर्स सगळे करतात, दोन दिवसांत ड्रिल हातात येतं, पण कॅप बसवायचा भाग "लॅबकडून आली की बसवायची" एवढाच शिकवला जातो, आणि माझ्याकडे परत आलेल्या बहुतेक केसेस त्याच भागात बिघडलेल्या असतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. नैसर्गिक दाताभोवती लिगामेंट, म्हणजे धाग्यांची गादी असते, त्यात नसा असतात, कॅप जरा उंच झाली की पेशंट त्याच रात्री फोन करतो. इम्प्लांटला लिगामेंट नाही. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात घातलेली टायटॅनियमची नळी काढता येईना, हाडानं ती धरून ठेवली होती, तिथून या सगळ्याची सुरुवात झाली आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला इम्प्लांट लावले. पण हाडानं धरलं म्हणजे मधली गादी गेली, आणि गादीबरोबर तक्रार करायची सोयही गेली. इम्प्लांट मुका असतो. कॅप उंच असेल, तिरकी असेल, खाली सिमेंट अडकलं असेल, तो काही बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा स्क्रू तुटलेला असतो नाहीतर हाड गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक पायरीला आपणच त्याला विचारायचं, आणि विचारायची साधनं साधी आहेत, एक्स-रे, फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा), शिमस्टॉक (चावा तपासायची अगदी पातळ पट्टी) आणि टॉर्क रॅचेट (ठरावीक जोराने स्क्रू आवळायचा पाना).

सुरुवात इम्प्रेशनपासून, म्हणजे मापाचा ठसा घेण्यापासून करू. हीलिंग कॅप (हिरडी भरून येईपर्यंत इम्प्लांटवर लावलेलं झाकण) काढली की हिरडी पाच-दहा मिनिटांत आत यायला लागते, त्यामुळे आधी कोपिंग (मापासाठी इम्प्लांटवर लावायचा तुकडा), ड्रायव्हर, ट्रे सगळं मांडून ठेवा आणि मगच काढा. कोपिंग लावल्यावर बोटाला घट्ट लागलं म्हणजे बसलं असं समजू नका. हेक्स (षटकोनी जोड) एका कोपऱ्यावर चढून बसलं तरी स्क्रू घट्टच लागतो, हिरडी मध्ये चिमटली तरी घट्टच लागतो. एक्स-रे काढा, आणि तो पॅरलल टेक्निकने (फिल्म इम्प्लांटला समांतर ठेवून), होल्डर लावून काढा. इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंनी स्वच्छ, वेगवेगळे दिसले तर अँगल बरोबर आहे, आटे एकमेकांत मिसळून धूसर दिसले तर तो एक्स-रे फिटिंग बघायला उपयोगाचा नाही, परत काढा. काकांच्या केसमध्ये कॅप बसवताना मी एक्स-रे काढलाच नव्हता असं नाही, काढला होता, पण तिरका होता, त्यात फट झाकली गेली होती.

एकच दाढ असेल आणि तोंड कमी उघडत असेल तर क्लोज्ड ट्रे (ज्यात माप काढल्यावर कोपिंग तोंडातच राहतं) चालतो. दोन-तीन इम्प्लांट असतील किंवा ते एकमेकांशी तिरके असतील तर ओपन ट्रेच (ज्यात कोपिंग मापातच बाहेर येतं) घ्या, आणि कोपिंग पॅटर्न रेझिनने (कडक होणाऱ्या प्लास्टिकने) एकमेकांना जोडा. इथं घाई करतात, रेझिन लावलं आणि लगेच मटेरियल भरलं. रेझिन सेट होताना आकसतं आणि कोपिंगला ओढतं. म्हणून जोडल्यावर मधे डिस्कने बारीक कापायचं आणि तेवढीच फट थोड्याशा रेझिनने परत जोडायची, म्हणजे आकसायला मटेरियलच कमी उरतं. स्कॅनर असेल तरी स्कॅन बॉडी (स्कॅनसाठी इम्प्लांटवर लावायचा तुकडा) पूर्ण बसली का हे एक्स-रेवरच कळतं, स्क्रीनवर सगळंच सुंदर दिसतं.

आता लॅब. लॅबवाल्याला फक्त "सेहेचाळीस, झिरकोनिया, ए-थ्री" म्हणजे दाताचा नंबर, मटेरियल आणि रंग, एवढं लिहून पाठवू नका. इम्प्लांटची कंपनी, प्लॅटफॉर्म (इम्प्लांटच्या तोंडाचं माप), कॅप स्क्रूने बसणारी हवी की सिमेंटने चिकटवायची, टाय-बेसची (कॅप ज्यावर चिकटते तो टायटॅनियमचा तुकडा) उंची, हिरडी किती जाड आहे, हे सगळं लिहा आणि शक्यतो फोन करा. आमच्या टेक्निशियन दादांशी मी दर वेळी दोन मिनिटं बोलतो, त्या दोन मिनिटांनी कितीतरी कॅपा वाचल्यात. जागा मोजून घ्या, इम्प्लांटच्या तोंडापासून समोरच्या दातापर्यंत सिमेंटच्या कॅपला साधारण सात-आठ मिलिमीटर तरी लागतात, त्याहून कमी असेल तर स्क्रूचीच करा. लॅबला एक गोष्ट आवर्जून सांगा, कॅप हिरडीतून वर येताना एकदम छत्रीसारखी पसरवू नका. दाढ मोठी दिसावी म्हणून खाली फुगवटा देतात, मग त्याच्याखाली अन्न बसतं आणि पेशंटला ब्रश घालता येत नाही. हा उतार तीस अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा आणि मॉडेलवरच इंटरडेंटल ब्रश घालून बघा, मॉडेलवर जात नसेल तर तोंडात जाणारच नाही.

पण हेही खरं की काही चुका लॅब किंवा कॅप कुणीच दुरुस्त करू शकत नाही, कारण त्या इम्प्लांट घालतानाच झालेल्या असतात. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर, हे अंतर सुटलं की पुढं कितीही महागाची झिरकोनिया लावा. म्हणून वॅक्स-अप (होणाऱ्या दाताचा मेणातला नमुना) आधी करा, दात कुठं यायला हवा ते आधी ठरवा आणि त्याच्या खाली इम्प्लांट घाला. हाड जिथं दिसलं तिथं इम्प्लांट घालून नंतर दात कसा बसवायचा हा प्रश्न लॅबला विचारायचा, ही उलटी पद्धत बंद व्हायला हवी, फार पेशंट यात भरडले जातात.

कॅप बसवायच्या दिवशी क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो चुकला की सगळंच चुकतं. आधी बाजूचे कॉन्टॅक्ट, मग एक्स-रे, मग बाइट, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते. कॉन्टॅक्ट घट्ट असेल तर कॅप वरच अडकते, आपल्याला वाटतं उंच आहे आणि आपण वरून घासायला लागतो, शेवटी कॉन्टॅक्ट कमी केल्यावर ती खाली जाते आणि बाइट सगळा उघडा पडतो. मी हे केलंय, कॅप परत लॅबला पाठवावी लागली आणि पेशंटला आणखी आठ दिवस थांबावं लागलं. फ्लॉस दोन्ही बाजूंनी टक् आवाज करून जायला हवा, फाटायला नको, सहज सरकायलाही नको. घट्ट कुठं लागतंय ते कळत नसेल तर पातळ आर्टिक्युलेटिंग पेपर बाजूला धरून कॅप बसवा, डाग दिसतो, तेवढाच घासा.

हिरडी पांढरी पडेल, ते ठीक आहे, दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी व्हायला हवी. नाही झाली तर दाब जास्त आहे, कॅपचा तेवढा भाग कमी करून पॉलिश करा. आणि स्क्रू आवळताना पेशंटला खोल, हाडात दुखतंय असं वाटलं तर तिथंच थांबा. हिरडीचं दुखणं वेगळं, वरवर ताणल्यासारखं असतं. हाडातलं दुखणं म्हणजे इम्प्लांट अजून नीट धरलेला नाही अशी शंका घ्यायची, हीलिंग कॅप परत लावायची आणि वेळ द्यायचा. भूल देऊन टॉर्क पूर्ण करायची चूक अजिबात करू नका, मुक्या माणसाने एकदा काहीतरी सांगितलंय ते ऐका.

टॉर्कबद्दल. हाताने ड्रायव्हर फिरवून "घट्ट झालं" म्हणतो तेव्हा लागणारा टॉर्क बहुतेक वेळा कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या निम्माही नसतो. ॲबटमेंटचा स्क्रू साधारण २५ ते ३५ न्यूटन सेंटीमीटर, मल्टियुनिटवरचा (ब्रिजखाली लावायचं ॲबटमेंट) छोटा स्क्रू १५ च्या आसपास, पण तुमच्या सिस्टीमचं माहितीपत्रक काढून बघाच, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. स्क्रू आवळला की तो किंचित ताणला जातो, रबरासारखा, आणि तो ताणच दोन तुकडे एकत्र धरून ठेवतो. पहिल्या काही मिनिटांत आट्यांवरचे बारीक खरबरीत उंचवटे दबतात आणि ताण थोडा कमी होतो, म्हणून दहा मिनिटं थांबून परत त्याच आकड्याला आवळायचं. दहा मिनिटं फार वाटतात, बाहेर पाच पेशंट बसलेले असतात, पण तेवढ्यात बाइट बघून होतो. लॅबमध्ये वापरलेला स्क्रू तोंडात ठेवू नका, तो दहा वेळा उघडझाप झालेला असतो, डब्यातला नवीन स्क्रू अगदी शेवटी काढा. रॅचेट ऑटोक्लेव्हमधून काढून तेल न घालता वर्षानुवर्षं वापरला तर तो चुकीचा आकडा दाखवायला लागतो, अधूनमधून तपासून घ्या.

ड्रायव्हरला फ्लॉस बांधल्याशिवाय तो तोंडात न्यायचा नाही. याला अपवाद नाही. ओल्या ग्लोव्हजमधून ड्रायव्हर निसटायला एक सेकंद पुरतो आणि पेशंट आडवा असतो. घशापाशी गॉज ठेवा. तरीही गेलाच तर "पोटात गेला असेल, पडून जाईल" असं म्हणून घरी पाठवू नका, छातीचा आणि पोटाचा एक्स-रे त्याच दिवशी व्हायला हवा, कारण श्वासनलिकेत गेलेल्या वस्तूने सुरुवातीला खोकला येऊन नंतर माणूस अगदी बरा वाटू शकतो.

सिमेंटवर मी जरा जास्त बोलणार आहे. एक मावशी होत्या, वरची प्रीमोलर (सुळ्यामागची छोटी दाढ), कॅप दिसायला सुरेख, मला स्वतःला आवडलेली. आठ महिन्यांनी आल्या, हिरडी दाबली की पू. स्टॉक, म्हणजे तयार मापाचं ॲबटमेंट वापरलं होतं, त्याची कडा हिरडीच्या तीन मिलिमीटर खाली, आणि तिथून सिमेंट काढल्याची माझी खात्री होती, प्रोब फिरवला होता, फ्लॉस फिरवला होता. हिरडी उघडली तर मागच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा सिमेंटचा तुकडा इम्प्लांटला चिकटलेला. एवढीशी कणी, आणि तिच्याभोवती दोन मिलिमीटर हाड गेलेलं. अमेरिकेत हिरडीतज्ज्ञ थॉमस विल्सन यांनी २००९ साली एंडोस्कोप घालून असे हिरडी सुजलेले इम्प्लांट बघितले तेव्हा त्यातल्या ८१ टक्क्यांत जास्तीचं सिमेंट सापडलं होतं, आणि ते काढल्यावर त्यातले बहुतेक बरे झाले. नैसर्गिक दाताला हिरडीचे धागे आडवे चिकटलेले असतात, ते सिमेंटला अडवतात. इम्प्लांटभोवती धागे उभे, समांतर असतात, सिमेंटला खाली जायला रस्ता मोकळा.

म्हणून आता मी जमेल तिथं स्क्रूचीच कॅप करतो, म्हणजे टाय-बेसवर कॅप बाहेरच चिकटवायची, जास्तीचं सिमेंट भिंगाखाली साफ करायचं, पॉलिश करायचं आणि मग तोंडात स्क्रूने बसवायची. चिकटवण्याआधी टाय-बेसचा वरचा भाग सँडब्लास्ट होतो, पण हिरडीत जाणारी चकाकती कॉलर मेण किंवा टेप लावून झाकलेली असली पाहिजे, ती खरबरीत झाली की तिथं घाण धरते, लॅबला हे सांगून ठेवा. पुढच्या दातात छिद्र ओठाच्या बाजूला येत असेल तर आता काही सिस्टीममध्ये २५ अंशांपर्यंत वळवलेलं छिद्र मिळतं.

आणि तरी सिमेंटचीच करावी लागली तर कस्टम, म्हणजे त्या पेशंटसाठी बनवलेलं ॲबटमेंट घ्या आणि कडा हिरडीच्या बरोबरीने, फार तर एक मिलिमीटर खाली ठेवा. सिमेंट लावायच्या आधी एक छोटं काम करा. कॅपच्या आत टेफ्लॉन टेप दाबून बसवा, त्यात बाइट रजिस्ट्रेशनचं (चाव्याचा ठसा घ्यायचं) मटेरियल भरा आणि वर दांड्यासारखं पकडायला थोडं जास्त ठेवा. सेट झाल्यावर तो ठसा बाहेर काढा, टेप काढून टाका, झालं तुमचं नकली ॲबटमेंट. कॅपमध्ये सिमेंट लावायचं, आधी त्या ठशावर दाबायची, जास्तीचं सिमेंट तिथंच बाहेर पडतं, ते पुसायचं, आणि लगेच कॅप तोंडात बसवायची. टेपच्या जाडीएवढाच थर आत राहतो आणि तेवढाच लागतो. सिमेंट असं घ्या जे एक्स-रेवर पांढरं दिसतं, नाहीतर राहिलेलं दिसणारच नाही. बसवल्यावर एक्स-रे आणि दोन आठवड्यांनी परत एकदा बघणं, हे दोन्ही करा.

स्क्रूच्या छिद्रात कापूस भरू नका, महिनाभरात त्याला असा वास येतो की उघडताना पेशंटपुढे आपल्यालाच वाईट वाटतं. ऑटोक्लेव्ह केलेली टेफ्लॉन टेप, तीच प्लंबरवाल्याकडची पांढरी, नीट ठासून भरा आणि वर दोन-तीन मिलिमीटर कंपोझिट.

बाइट. दाढ जोरात चावली की नैसर्गिक दात २५ ते १०० मायक्रॉन खाली दबतो, इम्प्लांट ३ ते ५. म्हणजे हलक्या चाव्यात सगळं सारखं लागत असेल तर जोरात चावल्यावर सगळा भार इम्प्लांटवर येतो. जाड निळा कागद यासाठी उपयोगाचा नाही, तो सगळीकडेच डाग पाडतो. ८ मायक्रॉनचा शिमस्टॉक घ्या. पेशंटला आधी उठवून बसवा, आडव्या माणसाचा चावा वेगळा असतो. बाजूच्या नैसर्गिक दातांत शिमस्टॉक पकडला जायला हवा. कॅपखाली हलकं चावल्यावर तो सुटून यायला हवा, आणि दात आवळल्यावर जेमतेम धरला जायला हवा. डाग कॅपच्या मध्यावर, इम्प्लांटच्या बरोबर वर, जबडा बाजूला सरकवल्यावर एकही नाही. घासून झालं की झिरकोनिया पॉलिश केल्याशिवाय सोडू नका, खरबरीत झिरकोनिया समोरचा दात खाते. आणि पेशंटला मोकळेपणाने विचारा, सुपारी खाता का, ऊस सोलता का दातांनी, रात्री दात खाता असं घरातलं कुणी म्हणतं का. "आता नवी दाढ आलीय, टायटॅनियमची" म्हणून माणसं मुद्दाम त्याच बाजूनं अडकित्त्याचं काम घेतात. रात्री दात खाणाऱ्याला नाइट गार्ड द्याच.

लांब ब्रिजचं (एकमेकांना जोडलेल्या अनेक दातांचं) थोडक्यात सांगतो. फ्रेम, म्हणजे ब्रिजचा सांगाडा आल्यावर एका टोकाचा एकच स्क्रू आवळा आणि दुसऱ्या टोकाकडे बघा, एक्स-रे काढा. तिकडं उचललं गेलं तर फ्रेम बरोबर नाही. बाकीचे स्क्रू आवळून ती खाली ओढू नका, तो ताण पुढं कुठंतरी निघतोच. कापा, तोंडात जोडा, लॅबला परत पाठवा. इम्प्लांट आणि नैसर्गिक दात एकाच ब्रिजमध्ये बांधायचं शक्यतो टाळा, शेवटच्या इम्प्लांटच्या मागं दात लटकत ठेवणंही टाळा.

पेशंट वर्षभराने येतो आणि म्हणतो, "दाढ मस्त आहे, पण अन्न अडकतं." कॅप बदललेली नसते, पुढचा दात सरकलेला असतो. नैसर्गिक दात आयुष्यभर हळूहळू पुढं सरकत राहतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, मग मधे फट पडते. हे पेशंटला कॅप बसवायच्या दिवशीच सांगून ठेवा म्हणजे नंतर त्याला फसवल्यासारखं वाटत नाही. स्क्रूची कॅप असेल तर काढून लॅबमध्ये कॉन्टॅक्ट वाढवून आणता येतो. दर सहा महिन्यांनी आला की फ्लॉस घाला, हलक्या हाताने प्रोब करा, रक्त येतंय का बघा, वर्षातून एकदा एक्स-रे काढून पहिल्या दिवसाच्या एक्स-रेशेजारी ठेवून हाड बघा.

शेवटचं काम कागदाचं आहे आणि तेच सगळे विसरतात. मागच्या वर्षी बेळगावहून एक ताई आल्या, कॅप हलत होती, इम्प्लांट दुसऱ्या शहरात घातलेला, ते क्लिनिक बंद झालेलं, हातात एकही कागद नाही. कॅपवर छिद्र शोधून उघडलं तर स्क्रूचं डोकं षटकोनी, पण १.२० मिलिमीटरचा ड्रायव्हर आत सैल फिरतोय आणि १.२५ चा नीट बसतोय की नाही ते कळेना, चुकीचा जोर लावला असता तर डोकं गोल झालं असतं. ओळखीच्या डॉक्टरांना एक्स-रे पाठवत, आट्यांच्या आकारावरून कंपनी ओळखायला दोन दिवस गेले, तोवर ताई लॉजवर थांबल्या. इम्प्लांटच्या डबीवर दोन-तीन स्टिकर असतात, एक तुमच्या फाइलला लावा, एक कार्डावर लावून पेशंटला द्या. कार्डावर कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर, ॲबटमेंट कुठलं, ड्रायव्हर कुठला, किती टॉर्क दिला आणि कुठल्या तारखेला, कॅप स्क्रूची की सिमेंटची, हे सगळं हाताने लिहा आणि पेशंटला त्याच्याच मोबाइलवर त्या कार्डाचा फोटो काढायला सांगा, तुमच्यासमोर.